ताण दिलाय, मी म्हणाले

माझ्या थोरल्या जावेची संत्र्याची बाग माझ्यामुळे वाळली, असं गावात कुणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी पदर खोचून उभी राहिले असते, चार शब्द ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते आणि मोकळी झाले असते. भांडण मला जमतं. पण लोक भेटले की म्हणतात, "बाई, तुमच्यापायी गावाचं नाव झालं." मी "हो ना" म्हणते आणि पुढे चालू लागते.

आमचं गाव किन्हीराजापासून आत, डांबर संपतं तिथून थोडं पुढे. सासरे हयात होते तेव्हाच शेताची वाटणी झाली. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. माझा नवरा धाकटा. त्याने वरचं शेत उचललं, कारण ते रस्त्याला लागून. खालचं, नाल्याकडचं शेत थोरल्यांना गेलं. रस्ता आम्हाला मिळाला आणि काळी माती त्यांना. तेव्हा मला वाटलं होतं की आपण फसलो, आणि ते मी नवऱ्याला वर्षभर ऐकवत होते.

दोन्ही शेतांत एकेक विहीर. दोन्ही सासऱ्यांनी खोदलेल्या, आणि दोन्हींना पाणी एकाच झिऱ्याचं. झिरा म्हणजे जमिनीच्या पोटातून वाहणारी पाण्याची वाट. तो आमच्या विहिरीत आधी येतो, मग खाली जावेच्या विहिरीत जातो. म्हणून सासऱ्यांनी नेम घालून दिला होता की एका वेळी एकच विहीर उपसायची. वर उपसा चालू असला की खालची मोटर बंद, खालची मोटर चालू झाली की वर बंद. पाळीपाळीने. ते गेल्यावरही आम्ही दोघी जावांनी हा नेम चालवला, कारण शेत आमच्याच हातात होतं. थोरले वाशीमला एका कॉलेजात शिपाई आहेत, शनिवारी येतात. माझा नवरा शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवतो, तो संध्याकाळी येतो आणि शेताचं काही विचारलं की जांभया देतो.

हा नेम आम्ही आमच्या चांगुलपणाने पाळत होतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कशाचा चांगुलपणा आलाय. माझ्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. डिझेल महाग, शेलूबाजारहून कॅन भरून आणायचं, इंजिन सुरू करायला हँडल मारता मारता खांदा निखळायचा, आणि धूर असा की डोक्याचा पदर काळा व्हायचा. मी गरजेपुरतं ओढायचे आणि आपण होऊनच बंद करायचे. जावेकडे विजेची लाइन होती, पण ती कधी दिवसा, कधी रात्री, मधेच गेली की गेली. आम्हा दोघींनाही जास्त पाणी उपसताच येत नव्हतं, एवढंच खरं.

मग तो प्रकल्प आला. विहारासमोर बैठक झाली. तालुक्याचे कृषी सहायक आले होते, पोक्त गृहस्थ, बोलताना सारखा चष्मा पुसायची सवय. त्यांनी सांगितलं की हवामान बदललंय, पाऊस एकदम पडतो नाही तर पडतच नाही, तेव्हा शेती सावरायची, धूर कमी करायचा, आणि त्यासाठी परदेशातून पैसा येणार आहे. माझी जाऊ बायकांत पुढेच बसली होती. ती म्हणाली, "साहेब, धूर केला त्याह्यनं, अन् डोळे आमचे चुरचुरून राह्यले. मंग ते पैसा देऊन राह्यले तं उपकार कायचे?" सगळ्या बायका हसल्या. कृषी सहायकही हसले, चष्मा पुसत म्हणाले, "म्हणूनच तर देतात, बाई." जाऊ म्हणाली, "मंग देनं नाई म्हनत त्याले. वापस करनं म्हनतात."

ती अशीच. सातवीपर्यंत शिकलेली, पण बोलायला लागली की माणूस खाली बघतो. माझं लग्न झालं तेव्हा मला भाकर धड थापता येत नव्हती. तिने शिकवली. निंदण, पेरणी, आळी बांधणं, सगळं तिच्याकडून शिकले. मी आले त्याच वर्षी तिने संत्र्याची कलमं लावली होती. पहिल्या उन्हाळ्यात मोटर नव्हती, आम्ही दोघींनी विहिरीतून शेंदून, डोक्यावर घागरी नेऊन ती जगवली. पहिलं संत्रं लागलं तेव्हा तिने सोलून अर्धं माझ्या तोंडात कोंबलं. आंबट होतं, आणि ती म्हणाली, "गोड हाय म्हन." मी म्हणाले गोड आहे.

सोलर पंपासाठी आम्ही दोघींनी अर्ज केले. माझा मंजूर झाला, तिचा राहिला. कारण साधं होतं. माझं शेत रस्त्यावर. कुणी बघायला आलं तर गाडी थेट धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत जाते. मी तिला सांगायला गेले तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. तिने चुलीपुढून मान वर केली. "घे ना वं. आपल्याच घरात आला ना. त्या इंजिनानं तुहा खांदा मोडला असता एखाद्या दिवशी." त्या वेळी तिच्या मनात काही असेल असं मला आजही वाटत नाही.

पंप बसला तो दिवस मी विसरणार नाही. सोलरच्या पाट्यांवर ऊन पडलं, पेटीचं बटण दाबलं, आणि आवाज नाही, धूर नाही, नुसतं पाणी. मी पोरीसारखी पायपाच्या धारेत पाय घालून उभी राहिले. सकाळी ऊन आलं की पंप सुरू, सूर्य मावळला की बंद. डिझेल नको, हँडल नको, लाइनची वाट बघायला नको. पहिल्या वर्षी मी हरभऱ्याला तीन पाणी दिले, आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळी भुईमूग पेरला, आमच्या मुरमाड शेतात, जिथं कधी दिवाळीनंतर हिरवं पान दिसलं नव्हतं. कृषी सहायकांनी फोटो काढले. रस्त्याकडेला माझ्या नावाचा फलक लागला. मी येता-जाता तो फलक वाचायचे, कुणी बघत नाही असं बघून.

आणि नेम? नेम कुणी मोडला नाही, तो आपोआप गळाला. आधी माझं इंजिन बंद व्हायचं, मग तिची मोटर लागायची. आता माझा पंप बंदच होत नव्हता. तिला दिवसाची लाइन असली तरी वर माझा उपसा चालू. रात्रीची लाइन असली तर रात्री तिची मोटर लागायची, पण दिवसभर वर ओढून झाल्यावर खाली राहायचं काय. ती एकदा म्हणाली, "मोटर लवकर हवा घेऊन राह्यली वं यंदा." मी म्हणाले, "पाऊसच कमी झाला ना बाई." पाऊस कमी झाला होताच. खोटं नव्हतं ते. खरं एवढं सोयीचं असलं की माणूस त्याच्या पलीकडे जात नाही.

आता इथे संत्र्याचं एक सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा घ्यायचा असला की हिवाळ्यात झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड कोमेजतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, बाग मेली. पण ती मेलेली नसते. ताण पुरा झाला की पाणी सोडायचं, आणि मग ते झाड असं फुलतं की वासाने डोकं दुखावं. ताण कधी तोडायचा हीच सारी हुशारी. उशीर झाला तर झाड परत येत नाही. आमच्याकडे जानेवारी सरायच्या आत पाणी सोडतात.

पाहुणे आले ते फेब्रुवारीत. दोन परदेशी, एक उंच बाई आणि एक पुरुष, दोघांच्या डोक्यावर टोप्या. बरोबर पुण्याकडची एक दुभाषी मुलगी, कृषी सहायक, आणि मागे बरीच सरकारी माणसं. माझ्या भुईमुगात उभे राहून त्यांनी सगळं विचारलं. पाणी किती वेळ येतं, डिझेल किती वाचलं, आता घरात काय बदललं. मी बोलत सुटले. निंबाच्या झाडाखाली जाऊ चहा करत होती. तिला मीच बोलावलं होतं, कारण एवढ्या माणसांचा चहा माझ्याने झाला नसता.

मग त्या उंच बाईने खाली बोट दाखवलं. आमच्या शेतातून उतार बघितला की जावेची बाग पूर्ण दिसते. बाग पिवळी झाली होती. पिवळीही नाही, भुरकट. दुभाषी मुलगी म्हणाली, "मॅडम विचारतायत, ती झाडं का वाळली आहेत? तिथं पाणी पोचत नाही का?"

मी म्हणाले, "नाही, नाही. ताण दिलाय."

आणि मग मी ताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, अगदी हात हलवून हलवून, जसं जावेने मला सांगितलं होतं तसं. की आमच्याकडे झाडाला उपाशी ठेवतात, मग ते जोमाने फळ देतं, आमच्या बापजाद्यांना हे माहीत आहे. दुभाषी मुलगी सांगत गेली. त्या बाईचे डोळे चमकले. ती काहीतरी बोलली, आणि मुलीने मला सांगितलं, "मॅडम म्हणतात, तुमच्या लोकांना पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही हे किती छान कळतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, वा, काय बोललो आपण.

जाऊ चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही. तिने सगळ्यांना कप दिले, त्या बाईला आधी दिला, आणि मला दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला त्याच क्षणी माहीत होतं की जानेवारी संपला आहे. ते सांगायच्या आधीही माहीत होतं. पण पाहुणे समोर, फलक मागे, आणि बाग तिची. मी चहा प्याले. चांगला झाला होता.

गाड्या गेल्यावर ती कप विसळायला बसली. मी तिच्या बाजूला बसले आणि म्हणाले, "बाई, ताण अजून तोडला नाही का?"

"तोडाले पानी पाह्यजे ना," ती म्हणाली. "मैना झाला, मोटर लावतो अन् ते नुसती हवा ओढते."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुले दिसत नव्हतं का?" एवढंच. रागानेही म्हणाली नाही. कप विसळून झाले, तिने ते टोपल्यात रचले आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या विहिरीत डोकावले. तळाला हिरवट डबकं होतं, आणि मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणारं पायपाचं तळाचं टोक, उघडा पडला होता. बागेत गेले. एक फांदी मोडून बघितली. ताणातल्या झाडाची फांदी मोडली की आत ओल असते, साल चिवट असते. ही काटकन मोडली. मी दुसरी मोडली, तिसरी मोडली, वेड्यासारखी मोडत गेले. नाल्याकडच्या ओळींतल्या फांद्या अजून वाकत होत्या. बाकी सगळ्या काटकन. ज्या झाडांना मी डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं, त्यांचीच फांदी मी मोडत होते आणि आवाज ऐकत होते. मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी नाल्यात जाऊन तोंड धुवायचं ठरवलं, तर नाल्यातही पाणी नव्हतं.

घरी येईपर्यंत मी उपाय शोधला होता. मला उपाय फार लवकर सुचतात. मी गुंडाळून ठेवलेला लपेटा पाइप काढला, माझ्या पंपाला जोडला, आणि उतारावरून ओढत ओढत तिच्या बागेत नेला. उरलेल्या ओळींच्या पहिल्या आळ्यात टोक सोडलं. पाणी धो धो आलं. मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि मला खरंच वाटलं की आता ती येईल आणि हसेल.

ती आली. पाण्याकडे बघितलं. मग वाकून पाइपाचं तोंड उचललं आणि आळ्याबाहेर, धुऱ्यावर नेऊन ठेवलं. पाणी धुऱ्यावरून गवतात जाऊ लागलं.

मला आधी राग आला. खरं सांगते, लाज नंतर आली. "आता काय झालं?" मी म्हणाले. "झाडं मरून राहिली अन् तुला मान सुचतो?"

"मले तुहं पानी नको," ती म्हणाली.

"माझं काय अन् तुझं काय, एकाच झिऱ्याचं आहे ना."

"तेच म्हनून राह्यली मी. एकाच झिऱ्याचं हाय. मंग तुहं कसं झालं?" ती पाइपाजवळच बसली, उन्हात. "मामाजीची माय पाटलाच्या इहिरीवर उभी राहे. आपल्याले इहिरीले हात लावता येत नव्हता. कोनी वरून ओतलं तं घागर भरे, नाई ओतलं तं रिकामी आने. मामाजीनं या दोन इहिरी कायले खंदल्या? अन् आता तू वरून सोडशीन, तुह्या मनात आलं तं. अन् मी खाली घागर धरून उभी राहू?"

सासऱ्यांच्या आईची ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पोरांनाही. पण तीत आपण कधी विहिरीच्या वरच्या अंगाला उभे असू, असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला वाटलं नसेल. मी तिथे उभी होते, पाइप माझ्या पंपाचा, पायात नवी चप्पल.

"पानी देऊ नको मले," ती म्हणाली. "माही पाळी दे."

त्या दिवसापासून दुपार झाली की मी पंप बंद करते. ऊन रखरखीत असतं, पाट्या चमकत असतात, आणि पंप गप्प. भुईमुगाचा वरचा तुकडा वाळला. वाळू दे. कृषी सहायकांनी विचारलं, "बाई, ऐन उन्हात बंद का?" मी म्हणाले, खालच्या विहिरीची पाळी आहे. त्यांनी चष्मा पुसला. मग तिच्या अर्जाच्या मागे लागतो म्हणाले. लागलेही असतील. सोलर तिलाही मिळालं तर काय होईल, याचा विचार मी आता करते, कारण तिच्याही खाली एक विहीर आहे. पाळी आम्ही कागदावर नाही, विहारात बसून, चार माणसांसमोर पुन्हा ठरवली. सूर्य डोक्यावर आला की माझी संपली.

आठवडाभरात तिच्या विहिरीत पाणी चढलं. नाल्याकडच्या दोन ओळी वाचल्या, त्यांना पालवी आली, बहार मात्र धरला नाही. बाकीची बाग उभी आहे, काळी पडून. तिने ती तोडली नाही. मी एकदा म्हणाले, "बाई, खोडं काढून टाक, सोयाबीन तरी होईल, मी मजूर लावते." ती म्हणाली, "राहू दे. अजून काही जाग्यावर फुटते का पाह्यतो." फुटणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला ती बाग माझ्या शेतातून दिवसभर दिसते. भुईमूग निंदताना मी तिकडे पाठ करून बसते. ओळ संपली की वळावंच लागतं.

ती माझ्याशी बोलते. अगदी आधीसारखी बोलते, लसूण मागायला येते, माझ्या पोळ्यांना नावं ठेवते. तेच मला जास्त लागतं. तिने महिनाभर तोंड फिरवलं असतं तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

परवा कृषी सहायकांचा फोन आला. आणखी पाहुणे येणार आहेत, या वेळी मोठे, परदेशातून पैसा देणारे खुद्द. "तुमचंच शेत दाखवायचं, बाई. मागच्या वेळी तुम्ही फार छान बोललात. ते ताणाचं सुद्धा सांगा, त्यांना आवडतं असं." जाऊ तेव्हा माझ्याच ओसरीवर तूर निवडत होती. माझ्या फोनचा आवाज मोठा असतो, तिने सगळं ऐकलं. मी फोन ठेवला आणि सुपाकडे बघत राहिले.

"आन ना त्याह्यले," ती म्हणाली. तिचा हात सुपात फिरतच होता. "चहा मीच करतो. पन या बारीनं खालच्या वाटेनं आन."

खालची वाट नाल्यावरून तिच्या शेतात चढते आणि बागेच्या मधून माझ्या धुऱ्याला येऊन लागते. तिकडून गाडी येत नाही. पाहुण्यांना नाल्यापाशी उतरून चालावं लागेल, त्या झाडांमधून, आणि पुढे मी असेन. ते विचारतील, ही झाडं का वाळली. या वेळी ती माझ्या बाजूलाच उभी असेल.

मी तिला हो म्हणाले आहे. कृषी सहायकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा नंबर दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा मी आधी पाहुण्यांना सांगायचं वाक्य तोंडात जुळवून बघितलं. जे वाक्य आधी येतं ते अजून तेच आहे, ताण दिलाय.